गाठीच्या पोटात

कापसाची दाबून बांधलेली गाठ फोडल्यावाचून तिच्या पोटात काय आहे हे कळत नाही. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वऱ्हाडात किंवा खानदेशात निपजलेल्या कापसाची गाठ फोडण्याचा प्रसंग बहुधा, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गेलेल्या जहाजाचा प्रवास संपल्यावर, लँकेशायरमधल्या एखाद्या गिरणीच्या आवारातच येत असे. गाठ बांधणाराची आणि ती फोडणाराची गाठ जन्मात पडत नसे. रुईबरोबर सरकी निघाली, माती निघाली, क्वचित धोंडेही निघाले, तर गिरणीवाला लिव्हरपूलच्या दलालाला शिव्या घाली, दलाल मुंबईच्या पेढीला खरमरीत पत्र लिही, पेढी आपल्या मुकादमाला बोल लावी आणि मुकादम वऱ्हाडाच्या दिशेने हात करून मोकळा होई. तोवर त्या मालाचे पैसे चुकते होऊन कैक महिने लोटलेले असत आणि ज्या शेतात तो कापूस पिकला तेथे दुसरे पीक डोलू लागलेले असे. या व्यापारातील खोटेपणाबद्दल इंग्रज अंमलदारांनी रयतेच्या आणि वाण्याच्या स्वभावाला, आणि आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी कलियुगाला पुष्कळ दोष दिला आहे. मला मात्र त्याचे मूळ माणसाच्या स्वभावापेक्षा या अंतरात, आणि अंतरामुळे मिळणाऱ्या निनावीपणात, अधिक दिसते.

याचा अर्थ इंग्रजी अमलापूर्वी आपल्या पेठांतून सत्ययुग नांदत होते असा कोणी घेऊ नये. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे सोपवलेली होती त्यांत वजने-मापे तपासणे आणि बाजारभावावर नजर ठेवणे ही प्रमुख होती. दांडी मारणारा वाणी अस्तित्वातच नसता तर सरकारला त्यापायी कारकून आणि शिपाई पोसण्याचे कारण पडले नसते. घेण्याचे माप निराळे आणि देण्याचे निराळे, ही तक्रार तर आपल्या खेड्यापाड्यांत शेर-पायलीइतकीच जुनी आहे. परंतु पेठेतला तो खोटेपणा चारचौघांच्या डोळ्यांदेखत वावरत असे. शेरभर जोंधळे कमी भरले तर ते घरी पुन्हा मापले जात, पुढच्या बाजारी त्याच दुकानापुढे उभे राहून गिऱ्हाईक बोभाटा करी, शेटे-महाजनांपर्यंत कागाळी जाई, आणि वाण्याला, पापाच्या नव्हे तरी अब्रूच्या धाकाने, काही काळ तरी काटा सरळ धरावा लागे. कापसाचा परदेशी व्यापार वाढला तसा हा अब्रूचा धाक साखळीच्या प्रत्येक कडीपाशी थोडाथोडा गळत गेला.

ती साखळी लांबलचक होती. रयतेने पीक उभे असतानाच सावकाराकडून रक्कम उचललेली असे, आणि त्या वेळी ठरलेल्या भावाने कापूस त्याच्या घरी घालण्याचा करार केलेला असे. म्हणजे माल उत्तम निघाला तरी तिला एक छदाम अधिक मिळणार नव्हता आणि हलका निघाला तरी एक छदाम कमी होणार नव्हता. फरक पडणार तो एवढ्यावरच, की काट्यावर किती भरते. सावकाराकडून माल गावच्या वाण्याकडे, तेथून मोठ्या पेठेतील अडत्याकडे, आणि लोहमार्ग होण्यापूर्वी वणजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून कधी उत्तरेस मिर्झापुराकडे, कधी पश्चिमेस घाट उतरून मुंबईकडे जाई. मजल दरमजल करीत चाललेल्या त्या तांड्यांतील कापसावर वाटेची धूळ बसे, अवकाळी पावसाचे पाणी मुरे, तळ पडेल तेथला कचरा त्यात जाई. आणि जे निसर्गतः होतच होते त्याला थोडा हातभार लावला तर कोणाच्या लक्षात येणार, असा विचार वाटेतल्या प्रत्येकाच्या मनात येणे फारसे अस्वाभाविक नव्हते. रयतेने दवात भिजलेला कापूस न वाळवताच बोऱ्यात भरावा किंवा सुकलेल्या ढिगावर तांब्याभर पाणी शिंपडावे. चरक्यावर बसणाऱ्याने चार सरक्या राहू द्याव्यात. वाण्याने गेल्या सालचा पिवळा पडलेला माल नव्याच्या पोटात घालावा. मुंबईच्या दाबखान्यात गाठ बांधताना वरच्या थरांना पांढरी शुभ्र रुई लावून मधल्या पोकळीत जे हाती येईल ते कोंबावे. प्रत्येकाच्या वाट्याला आलेले पाप चिमूटभर असे, इतके चिमूटभर की त्याला पाप म्हणणे त्याला स्वतःला अतिशयोक्ती वाटावी. दरोडेखोराला आपण दरोडा घालतो हे ठाऊक असते. सरकी राहू देणाऱ्याला आपण नुसता कामात आळस केला असेच वाटते.

वजनांची गुंतागुंत या सगळ्याला पोषकच होती. कापसाचा भाव मुंबईत खंडीवर बोलला जाई, आणि मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची होती; तिच्यात मुंबईचे २८ पौंडी मण २८ बसत, आणि सुरती मण, जो ३७ पौंडांहून किंचित अधिक होता, तो २१ बसे. पेठ बदलली की मण बदले, आणि गावोगाव शेराचे वजन निरनिराळे असे. हा सगळा हिशेब अडत्याच्या मुनिमाला तोंडपाठ असे. जो गाडी घेऊन आलेला असे त्याला त्यातले एवढेच कळे की घरून निघताना माल जितका होता तितका तो इथे भरत नाही.

कंपनी सरकारने या दुखण्यावर पहिले औषध योजले ते १८२९ साली. त्या वर्षीच्या मुंबई इलाख्याच्या तिसऱ्या कायद्याने, चांगला आणि वाईट कापूस एका गाठीत घालून चांगला म्हणून विकणे, वजन वाढावे या हेतूने तो रात्रीच्या दवात उघडा टाकणे, त्यात माती, दगड किंवा खारे पाणी मिसळणे, ही कृत्ये शिक्षेस पात्र ठरवली. गुन्ह्यांची ती यादी वाचताना असे वाटते की कायदा लिहिणाऱ्याने वखारीत बसून एकेक युक्ती डोळ्यांनी पाहिली असावी. पण पाहणे वेगळे आणि शाबीत करणे वेगळे. ओलावा दवाचा की तांब्याचा, हे कोणता मामलेदार सांगू शकणार होता? माती वाटेत उडाली की हाताने टाकली, याचा पंचनामा कसा व्हावा? कायदा बहुतांशी कागदावरच राहिला, आणि व्यापार आपल्या वाटेने जात राहिला; कारण लँकेशायरला अमेरिकेचा लांब धाग्याचा स्वच्छ कापूस हवा तितका मिळत होता, आणि हिंदुस्थानचा माल तो केवळ अडीअडचणीला, स्वस्त पडतो म्हणून, मिसळीपुरता घेत असे.

ती अडचण १८६१ साली आली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि लँकेशायरच्या चात्या थांबू लागल्या. त्या दुष्काळाच्या दिवसांत एका प्रार्थनासभेत, देवा, कापूस धाड, अशी आळवणी चालली असता श्रोत्यांतून कोणी तरी, पण सुरतेचा नको, असे ओरडल्याची आख्यायिका तिकडे पुष्कळ दिवस सांगितली जात असे; हिंदुस्थानातून येणारा बहुतेक सगळा कापूस त्या लोकांच्या लेखी सुरतेचाच होता. देवाने मात्र सुरतेचाच धाडला. भाव दुपटी-तिपटीच्याही पलीकडे चढले, मुंबईत पैशाचा असा पूर आला की माणसांना तो ठेवायला जागा पुरेना आणि म्हणून ती समुद्र बुजवून नवी जागा करण्याच्या कंपन्यांचे भाग घेऊ लागली, आणि गाद्या-उशांतला जुना कापूसही बाहेर निघून गाठींत गेल्याच्या गोष्टी त्या काळाच्या आठवणींत सापडतात. अशा वेळी सरकी आणि माती यांनाही रुईचाच भाव येतो. जो भेसळ करणार नाही त्याने डोळ्यांदेखत पैसे फेकून दिल्यासारखे होते, आणि वाहत्या गंगेत हात न धुणारे विरळाच.

मँचेस्टरच्या ओरडीमुळे आणि स्वतःच्या मालाचे नाव बुडते आहे या भीतीने मुंबई सरकारने १८६३ साली नववा कायदा केला. त्याला पुढे सगळेच कापूस-लबाडीचा कायदा म्हणून ओळखू लागले. १८२९ च्या कायद्याने गुन्हा सांगितला होता, याने गुन्हा शोधायला माणसे नेमली. निरीक्षक आले, दाबखान्यांना परवाने घ्यावे लागले, संशयास्पद माल अडकवून ठेवता येऊ लागला, दोषी माल जप्त करता येऊ लागला, आणि या साऱ्या सरंजामाचा खर्च मालावरच्या शुल्कातून भागवण्याची तजवीज झाली. म्हणजे अखेरीस प्रामाणिक आणि अप्रामाणिक अशा दोघांच्याही कापसाने तो सारखाच भरायचा. येथे या कायद्याचे व्यंग मला स्पष्ट दिसते. भेसळीचा दंड त्याने ठरवला, निर्भेळ मालाला मात्र त्याने काहीच दिले नाही.

खानदेशात त्या सुमारास जे घडले ते या व्यंगाचे उत्तम उदाहरण आहे. तेथील कलेक्टर ॲशबर्नर यांनी भेसळीविरुद्ध जोराची मोहीम तर काढलीच, पण त्याबरोबर मूळ बियाणेच बदलण्याचा घाट घातला: आखूड धाग्याचे स्थानिक वाण काढून टाकून त्यांच्या जागी हिंगणघाटचे बी आणवले. हिंगणघाटची बनी त्या काळी हिंदुस्थानातील उत्तम कापसांत गणली जात असे. धागा मऊ, रेशमासारखा, आणि हिंदी मालाच्या मानाने लांब. अंमलदाराचा दरारा होता तोवर ती पिकली. पण बनीच्या कापसाला सरकीच्या मानाने रुई कमी पडते, आणि वऱ्हाडी किंवा जरी जातीचा खरखरीत कापूस तितक्याच बोंडांतून कितीतरी अधिक रुई देतो, शिवाय पाऊसपाण्याला अधिक दाद देत नाही. खेड्यातला खरेदीदार तर दोन्हींना जवळपास एकच भाव देई, कारण पुढे तो दोन्ही एकत्रच करणार होता. रयतेने मनाशी साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला आणि जरी पेरली. शतकाच्या अखेरीपर्यंत वऱ्हाडातही तेच झाले, आणि युरोपच्या भूखंडावरील व नंतर जपानातील गिरण्यांना आखूड धाग्याचा स्वस्त माल चालत असल्याने तो खपतही राहिला. आता शेतकऱ्याने हलके बी पेरले याला कोणी अप्रामाणिकपणा म्हणणार नाही. पण तोच कापूस पुढे हिंगणघाटच्या नावाने गाठीत गेला. आणि त्या प्रवासात नेमक्या कोणत्या उंबरठ्यावर खऱ्याचे खोटे झाले हे कोणत्याही निरीक्षकाला बोट ठेवून दाखवता आले नसते.

निरीक्षकांविषयी व्यापाऱ्यांच्या तक्रारी पहिल्यापासून होत्या: ते माल विनाकारण अडकवतात, त्यांना कापसाची पारख नसते, आणि अडकवलेला माल सुटण्याच्या वाटा असतात. यांतली शेवटची तक्रार करणाऱ्यांनाच त्या वाटांची उत्तम माहिती असणार, हे उघड आहे. मँचेस्टरचे म्हणणे कायदा हवा. १८३६ पासून चालत आलेल्या मुंबईच्या व्यापारी मंडळाचे म्हणणे पुढेपुढे असे झाले की घेणाऱ्याने पारखून घ्यावे आणि सरकारने मध्ये पडू नये. चौकश्या झाल्या, १८७८ साली कायदा सुधारून नव्याने केला गेला, आणि १८८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच तो मोडीत निघाला. व्यापाराला शहाणपण व्यापारच शिकवील, असे त्या वेळी ठरले. ते अगदीच खोटे ठरले असे नाही. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला, आणि राली, व्होलकार्ट यांसारख्या परदेशी पेढ्यांनी आपली माणसे थेट त्या पेठांत बसवली. माल स्वतः घ्यावा, स्वतःच्या देखरेखीखाली दाबावा आणि गाठीवर आपली खूण उमटवून पाठवावा, हा त्यांचा परिपाठ झाला. अशा खुणेच्या गाठीला लिव्हरपूलच्या किंवा ब्रेमेनच्या बाजारात विश्वासाने भाव मिळे. कोणा निरीक्षकाच्या धाकाने नव्हे, तर गाठ फुटल्यावर आपले नाव निघेल आणि पुढच्या सालचा भाव जाईल या जाणिवेने त्या आपला माल सांभाळीत. मात्र ज्यांना असे नाव नव्हते, अशा शेकडो लहान जिन-दाबवाल्यांच्या गाठी त्याच गाड्यांतून, त्याच बंदरातून जातच होत्या.

हे झाले माल विकत घेणाऱ्या गोऱ्या गिरणीवाल्याच्या फसवणुकीविषयी. तिच्यावर अहवालांचे ढीग लिहिले गेले. माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या फसवणुकीविषयी मात्र सरकारी दप्तराला फार उशिरा जाग आली. खामगाव, अमरावती, कारंजा, धुळे, जळगाव या पेठांत हंगामाच्या दिवसांत पहाटेपासून गाड्यांची रांग लागे. गाडीवान जुवावर बसून राही आणि त्याच्या मालाचा सौदा त्याच्या डोळ्यांदेखत, पण त्याला दिसणार नाही अशा रीतीने होई. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर येत, एकाने उपरण्याचा पदर दोघांच्या हातांवर टाकावा, आणि त्याखाली बोटे दाबून भाव बोलावा. किती बोटे धरली, ती एकदा दाबली की दोनदा, यावरून रुपये आणि आणे ठरत. वर चेहरे निर्विकार. शेतकऱ्याला दिसे ते हलणारे कापड. यालाच हत्ता म्हणत. पदर निघाला की अडत्या गाडीकडे वळून भाव सांगे, आणि तोच भाव पदराखाली ठरला होता काय, हे विचारण्याची सोय नसे. अडत्या नावाला शेतकऱ्याचा मुखत्यार. पण शेतकरी वर्षातून दोनदा येणार आणि खरेदीदार रोज भेटणार, तेव्हा त्याने कोणाचे हित पाहावे हे सांगायला नको. गुपचूप बोलीचे समर्थन करणारे असेही म्हणत की उघड बोलीने खरेदीदार एकमेकांशी संगनमत करतील. असे समर्थन करणारांत गाडीवान मात्र कोणी आढळत नाही.

यानंतर काटा आणि काट्यानंतर हिशेबपट्टी. पट्टीच्या डोक्यावर मालाची रक्कम ऐटीत लिहिलेली असे आणि तिच्या खाली वजावटीची माळ लागे: अडत, दलाली, हमाली, तोलाई, बोऱ्याच्या वजनाबद्दल, आणि ओलाव्या-कचऱ्याबद्दलही, कडता, पारखण्यासाठी मुठीमुठीने उपसलेला आणि परत न येणारा नमुना, रोख दिल्याबद्दल वटाव, जणू रोख देणे हा खरेदीदाराने केलेला उपकारच, पाणक्याचे, झाडणाऱ्याचे, पहारेकऱ्याचे, आणि अगदी शेवटी गोशाळा, पांजरापोळ आणि धर्मादाय. यांतील एकही बाब एकटी घेतली तर भांडण्याइतकी मोठी नव्हती. आणि यांतील पुष्कळशा बाबींना एकेकाळी खरा अर्थही होता: पेठेत पाणक्या लागतोच, ओल्या मालाला कडता न्याय्यच, आणि नमुना पाहिल्यावाचून कोणी कापूस घेणार नाही. खोटेपणा शिरला तो या वाटेने की कोरड्या मालालाही कडता लागे, एका गाडीतून दहाजण नमुना उपसत, आणि त्या नमुन्यांचा ढीग संध्याकाळी कोणाच्या तरी नावे विकला जाई. शेतकरी तेच ओळखून घरूनच बोऱ्यावर पाणी मारून निघे. कडता आहे म्हणून पाणी, आणि पाणी आहे म्हणून कडता. आधी कोण, हा वाद खेड्यात आणि पेठेत आपापल्या सोयीने सोडवला जाई.

याच काळात कागदाच्या बाबतीतला असाच एक खोटेपणा वेगळ्या वाटेने उघड झाला. अमेरिकेतले युद्ध संपून कापसाचे भाव कोसळल्यावर कर्जात रुतलेल्या दख्खनच्या कुळांनी १२ मे १८७५ रोजी सुपे येथे आणि नंतर पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावी सावकारांच्या घरांवर चाल केली. पण त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जाच्या खतांवर होता, कारण न वाचता येणाऱ्याच्या अंगठ्यावर काय काय लिहिले गेले आहे याचा संशय त्यांना होता. चार वर्षांनी आलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीच्या कायद्याने खत गावच्या नोंदणी-कामगारासमोर, वाचून दाखवून, लिहिण्याची आणि फेडीची पावती देण्याची सक्ती केली. उपरण्याखालचा सौदा आणि मुनिमाच्या गादीवर लिहिलेले खत यांना एकच उपाय लागू पडणार होता. तिसऱ्या माणसासमोर व्यवहार होणे. खतांच्या बाबतीत तो १८७९ साली सुचला. कापसाच्या पेठांना त्यासाठी बरीच वाट पाहावी लागली.

त्या वाटेवरचा पहिला टप्पा वऱ्हाडातच आहे. हैदराबादच्या रेसिडेंटाच्या अंमलाखालील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील अशा बाजारांत तो पहिला मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला, बाजार-समित्या आल्या, तोलाऱ्यांना परवाने आले. पण त्या समित्यांवर बसले ते मुख्यतः व्यापारीच, आणि ज्याच्यापासून रक्षण करायचे त्यालाच राखणदार नेमल्याने जे होते ते झाले. मुंबई इलाख्याने १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा केला तेव्हा पिकवणाऱ्यांना समितीत जागा दिल्या, आणि त्या कायद्याखाली १९३० च्या सुमारास धुळ्याचा बाजार नियमाखाली आला. दरम्यान लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात गुप्त बोली, काट्याची लबाडी आणि मनमानी वजावटी यांवर सविस्तर टीका केली होती. १९३९ च्या मुंबईच्या कायद्याने हाच बंदोबस्त कापसापलीकडे इतर शेतमालालाही लागू केला. लिलाव उघड, वजन परवानेदार तोलाऱ्याकडून, वजावटी ठरलेल्या तेवढ्याच. वाचायला हे नियम अगदी किरकोळ वाटतात, आणि त्यांतला प्रत्येक नियम कोणाचे तरी वर्षानुवर्षांचे उत्पन्न बुडवीत होता म्हणून प्रत्येकासाठी भांडावे लागले. वजनांचा घोळ मुंबई प्रांताने १९३२ च्या कायद्याने आवरायला घेतला, आणि १९५६ च्या कायद्यानंतर किलोग्रॅम आल्यावर मण आणि शेर हळूहळू तोंडी हिशेबापुरते उरले.

गाठीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. पहिले महायुद्ध चालू असताना मॅकेन्ना यांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या कापूस समितीला आढळले की भेसळीची तऱ्हा आता बदलली आहे. माती-धोंडे मागे पडले; हलक्या जातीचा कापूस आगगाडीने चांगल्या कापसाच्या मुलखात न्यायचा, तेथील रुईत मिसळायचा आणि त्या स्थानकाच्या नावाने पाठवायचा, ही सभ्य रीत रूढ झाली होती. आगगाडीच्या पावतीवर जे नाव तेच मालाचे कुळ. यावर १९२३ साली कापूस-वाहतुकीचा कायदा झाला, ज्याने संरक्षित मुलखात बाहेरचा कापूस आणण्यावर बंदी घालता येऊ लागली. आणि १९२५ च्या जिन-प्रेसांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर तिचा अनुक्रमांक आणि ज्या प्रेसमध्ये ती बांधली त्याची ठरावीक खूण असलीच पाहिजे, आणि प्रेसने नोंदवही ठेवलीच पाहिजे, अशी सक्ती केली. कल्पना नवी नव्हती. मोठ्या पेढ्या ती स्वार्थाने आधीच पाळत होत्या. पण आता ज्याला नाव नको होते त्यालाही नाव घ्यावे लागले. ओसाकाच्या गिरणीत गाठ फुटली आणि मधून ओली, पिवळी रुई निघाली, तर ती कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसमधली हे गाठ स्वतःच सांगू लागली. प्रेसवाला अर्थातच म्हणे की मी दाबणारा. लोक आणतील ते मी दाबतो. ते खरेही होते, आणि त्यामुळे ती खूण अर्ध्या रस्त्यापर्यंतच पोहोचत असे. तरी शंभर वर्षांच्या अनुभवातून मला जर एखाद्या कायद्याने खऱ्या अर्थाने काम केले असे वाटत असेल, तर ते या साध्या क्रमांकाने. १८६३ च्या निरीक्षकांच्या फौजेपेक्षा त्याने कमी गाजावाजा केला आणि लोकांना कमी त्रास दिला.

हिशेबपट्टीतल्या वजावटींपैकी एक मात्र बाजार-समित्यांच्या नियमांनंतरही बराच काळ टिकून राहिली, आणि ती टिकण्याचे कारण असे की तिच्या विरुद्ध बोलणे कोणालाही अवघड होते. धर्मादायाचा पैसा शेतकऱ्याच्या खिशातून जाई, जमा व्यापाऱ्याच्या वहीत होई, आणि पुण्य ज्याच्या नावे खर्च पडे त्याला मिळे. मुंबईत १८३४ साली स्थापन झालेली पांजरापोळ व्यापारावरील अशाच लाग्यांवर चालली. पेठापेठांतल्या धर्मशाळा, गोशाळा, पाणपोया याच पैशांतून उभ्या राहिल्या, आणि त्यांचा उपयोग शेतकऱ्याच्या बैलांनाही झाला. पण धर्मादायाच्या खात्यावर किती जमले, त्यातले किती खर्च झाले आणि उरलेले पेढीच्या भांडवलात किती वर्षे बिनव्याजी फिरत राहिले, हे वहीच्या मालकावाचून कोणी विचारीत नसे. विचारणे म्हणजे शेटजींच्या धर्मबुद्धीवर संशय घेणे. अखेर १९५० साली मुंबई राज्याने सार्वजनिक न्यासांचा कायदा केला तेव्हा त्यात एक कलम, चोपन्नावे, खास या धर्मादायासाठी घातले: रूढीने किंवा बोलीने अशी रक्कम जो गोळा करील तो तिचा मालक नसून विश्वस्त समजला जाईल, आणि तिचा वर्षाचा हिशेब त्याने धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत नेऊन द्यावा.